हवेतला नायट्रोजन खताच्या गोणीत कसा येतो?

समुद्रसपाटीला शेताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०.३ टन हवेचा भार असतो. वजनाने यातला तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग नायट्रोजनचा. हिशेब केला तर एका एकरावर ३१ हजार टनांच्या आसपास नायट्रोजन सदैव हजर असतो. तरीही त्याच एकरातला मका पिवळा पडायला लागला की शेतकरी ४५ किलोची युरियाची गोणी विकत आणतो आणि त्या गोणीत नायट्रोजन असतो जेमतेम २१ किलो. डोक्यावर हजारो टन असताना २१ किलोसाठी पैसे का मोजावे लागतात? या एका प्रश्नाच्या मागे लागलं तर शाळेतल्या रसायनशास्त्राची तीन प्रकरणं एका धाग्यात ओवली जातात. पहिलं हवेचं, दुसरं क्षारांचं आणि तिसरं दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियांचं.

अमोनिया बनवण्याची हेबर पद्धत विद्यार्थी बहुतेक वेळा तीन आकड्यांत पाठ करतात: तापमान ४५० अंश सेल्सिअस, दाब हवेच्या दाबाच्या २०० पट, उत्प्रेरक (म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) लोह. परीक्षेत तेवढ्यावर गुणही मिळतात. पण ४५०च का, ३०० किंवा ७०० का नाही, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. मला हे फार खटकतं, कारण त्या आकड्यांमागचं कारण कळायला अवघड नाही आणि ते कळलं की आकडे पाठ करायची गरजच उरत नाही.

कोरड्या हवेत आकारमानाने ७८.०८ टक्के नायट्रोजन, २०.९५ टक्के ऑक्सिजन, ०.९३ टक्के आरगॉन आणि ०.०४ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. यातला ऑक्सिजन कशाशीही संयोग करायला तयार असतो. लोखंड गंजवतो, लाकूड जाळतो, आपल्या रक्तात मिसळतो. नायट्रोजन मात्र त्याच हवेत, त्याच चुलीत, त्याच फुप्फुसात जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो. त्याच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि एक मोल नायट्रोजनचे हे बंध तोडायला सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला ४९८ किलोज्यूल पुरतात. झाडाच्या मुळांना नायट्रोजन हवा असतो तो हा बंध तुटून हायड्रोजनशी किंवा ऑक्सिजनशी जोडला गेलेला, म्हणजे अमोनियमच्या किंवा नायट्रेटच्या रूपात. विजेच्या कडकडाटात थोडा नायट्रोजन असा जोडला जातो. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू तर हे काम मातीच्या साध्या तापमानाला करतात. माणसाला नायट्रोजन थेट हायड्रोजनशी जोडून कामापुरता अमोनिया बनवणं जमायला १९०९ साल उजाडावं लागलं.

कल्हईवाल्याचा पांढरा धूर

अमोनियाकडे जाण्याआधी दोन्ही दिशांनी चालणारी अभिक्रिया म्हणजे काय, ते डोळ्यांनी पाहता येईल अशा ठिकाणी पाहू.

पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना कल्हईवाला पातेलं भट्टीवर चांगलं तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने ती फिरवतो. त्याबरोबर पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाकाला झोंबणारा वास येतो. मग कथलाची कांडी टेकवली की कथील वितळतं आणि बोळ्यासरशी आतून चांदीसारखं पसरतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो क्षार आहे, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून झालेला पदार्थ. इथे आम्ल हायड्रोक्लोरिक आणि आम्लारी अमोनिया. तापलेल्या धातूवर पडताच हा क्षार फुटतो आणि त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. त्यातलं आम्ल तांब्या-पितळेवरचा काळपट ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं, म्हणून कथील नीट धरतं. उरलेले वायू वर जातात, थंड हवेत एकमेकांना भेटतात आणि पुन्हा नवसागर होतात. तो पांढरा धूर म्हणजे नव्याने तयार झालेल्या नवसागराचे बारीक कण.

एकाच पातेल्यात, वितीभर अंतरात, एक अभिक्रिया दोन्ही दिशांनी होते. खाली तापमान जास्त म्हणून क्षार फुटतो, वर तापमान कमी म्हणून तो पुन्हा जुळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हेच परीक्षानळीत करतात. तळाशी नवसागर तापवला की नळीच्या वरच्या थंड काचेवर पांढरं कडं जमतं. नळीत मधोमध काचलोकरीचा बोळा बसवून तोंडाशी ओले लिटमस कागद धरले तर आणखी एक गंमत दिसते. आधी तांबडा कागद निळा होतो आणि थोड्या वेळाने निळा कागद तांबडा होतो. अमोनियाचा रेणू हायड्रोजन क्लोराइडच्या निम्म्याहूनही हलका असल्याने तो बोळ्यातून आधी पार होतो. एका क्षाराचे दोन तुकडे झाले, याची साक्ष ते दोन कागद देतात.

मोरचुदाचं, म्हणजे पाणी धरून असलेल्या कॉपर सल्फेटचंही असंच. निळे खडे तापवले की त्यांच्यातलं पाणी उडून पांढरी भुकटी उरते आणि तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की ती पुन्हा निळी होते. खड्याच्या वजनातला ३६ टक्के भाग पाण्याचाच असतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीसाठी, मोरचूद तोलणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तोललेल्या एक किलोत तांबं पाव किलोच्या आसपासच असतं.

आता नवसागर उघड्या पातेल्यात न तापवता पूर्ण बंद भांड्यात, एकाच स्थिर तापमानाला ठेवला तर काय होईल? सुरुवातीला क्षार फुटत जाईल. वायू वाढले की ते एकमेकांवर आदळून पुन्हा क्षार बनवू लागतील. वायू जितके वाढतील तितका हा परतीचा वेग वाढेल. शेवटी अशी वेळ येईल की जेवढा क्षार दर सेकंदाला फुटतो तेवढाच दर सेकंदाला जुळतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की सगळं थांबलं, पण आत दोन्ही अभिक्रिया पूर्ण वेगाने चालू असतात. आठवडी बाजार ऐन भरात असताना जितकी माणसं आत येतात तितकीच पिशव्या भरून बाहेर पडतात आणि गर्दी तेवढीच दिसते, माणसं मात्र बदलत असतात. रसायनशास्त्रातला समतोल हा असा चालता समतोल आहे. तो निम्म्यावरच यावा असंही नाही. कुठे ९९ टक्क्यांवर समतोल येतो, कुठे अर्ध्या टक्क्यावर.

भांडण: किती आणि किती लवकर

अमोनियाची अभिक्रिया कागदावर साधी दिसते. नायट्रोजनचा १ रेणू आणि हायड्रोजनचे ३ रेणू मिळून अमोनियाचे २ रेणू. त्याच वेळी अमोनियाचे २ रेणू फुटून परत १ आणि ३ होतात. पुढच्या दिशेने जाताना उष्णता बाहेर पडते, लिहिलेल्या समीकरणाला सुमारे ९२ किलोज्यूल. म्हणजे ही अभिक्रिया उष्मादायी.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांनी १८८४ साली मांडलेला नियम इथे वाट दाखवतो. समतोलावर असलेल्या अभिक्रियेवर बाहेरून बदल लादला तर समतोल अशा बाजूला सरकतो की त्या बदलाचा जोर कमी व्हावा. दाब वाढवला तर समतोल कमी रेणूंच्या बाजूला जाईल. इथे डावीकडे ४ रेणू आणि उजवीकडे २, म्हणून जास्त दाब अमोनियाच्या फायद्याचा. तापमान वाढवलं तर समतोल उष्णता शोषणाऱ्या बाजूला जाईल, म्हणजे अमोनिया फुटण्याच्या बाजूला. म्हणून कमी तापमान अमोनियाच्या फायद्याचं.

मोजलेले आकडे पाहिले की हे अंगावर येतं. दाब हवेच्या २०० पट ठेवला आणि नायट्रोजन-हायड्रोजनचं प्रमाण १ ला ३ असलं, तर समतोलाला मिश्रणात अमोनिया किती असतो? २०० अंशांना ८६ टक्के. ४०० अंशांना ३६ टक्के. ५०० अंशांना १८ टक्के. ६०० अंशांना फक्त ८ टक्के. आणि दाब साधा, हवेइतकाच ठेवला तर ४०० अंशांना अर्धा टक्काही अमोनिया नसतो.

हे वाचून कुणीही म्हणेल की मग २०० अंशांनाच करा, किंवा त्याहून कमी ठेवा. इथेच खरी अडचण आहे. साध्या तापमानाला तर समतोल जवळजवळ पूर्णपणे अमोनियाच्याच बाजूला असतो. पण नायट्रोजन आणि हायड्रोजन एका बाटलीत भरून वर्षभर फळीवर ठेवले तरी त्यात अमोनिया सापडणार नाही. कारण तो तिहेरी बंध. समतोल कुठे आहे, हा एक प्रश्न आणि तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, हा अगदी वेगळा प्रश्न. विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो आणि शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. तापमान वाढवलं की रेणू जोरात आदळतात, बंध तुटायला लागतात, वेग वाढतो. पण त्याच तापमानाने समतोल मागे सरकतो आणि हाती येणारा अमोनिया घटतो. कमी तापमानाला पुष्कळ मिळेल पण कधीच मिळणार नाही, जास्त तापमानाला झटपट मिळेल पण थोडा मिळेल.

उत्प्रेरक या भांडणात तिसरा पक्ष म्हणून येतो. लोहाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू चिकटतो, तिथे त्याचा बंध सैल होऊन तुटतो आणि मग सुट्या अणूंना एकेक हायड्रोजन जोडला जातो. त्यामुळे वेग प्रचंड वाढतो. पण उत्प्रेरक पुढची आणि मागची अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो. समतोलाची जागा तो तसूभरही हलवत नाही. ‘उत्प्रेरकामुळे जास्त अमोनिया मिळतो’ असं उत्तर वाचलं की समजावं, मुद्दा पोचलेला नाही. उत्प्रेरकामुळे एवढंच होतं की कमी तापमानालाही काम चालण्याजोगा वेग मिळतो. लोहाचा उत्प्रेरक ४०० ते ५०० अंशांच्या खाली फारच मंद पडतो, म्हणून तापमान तिथे थांबलं. तिथे साध्या दाबाला हाती काहीच लागत नाही, म्हणून दाब वाढवावा लागला. दाब आणखी वाढवला तर फायदा आहेच, पण जाड पोलादाची भांडी आणि दाबयंत्रांचा खर्च वाढतो, म्हणून दाब साधारण १५० ते २०० पटींच्या आसपास ठेवतात. पाठ केलेले तीन आकडे असे एकमेकांना धरून उभे आहेत.

एवढं करूनही एका फेरीत १५ ते २० टक्क्यांच्या आसपासच अमोनिया मिळतो. मग कारखाना परवडतो कसा? अमोनिया उणे ३३ अंशांना द्रव होतो आणि दाबाखाली तर त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला. नायट्रोजन उणे १९६ अंशांपर्यंत वायूच राहतो. म्हणून बाहेर येणारं मिश्रण थंड केलं की अमोनिया तेवढा द्रव होऊन खाली बसतो. तो काढून घ्यायचा आणि उरलेले वायू परत आत सोडायचे. प्रत्येक फेरीत अमोनिया काढून घेतल्यामुळे समतोल पुरा होऊच दिला जात नाही, अभिक्रियेला पुढे पुढे जावंच लागतं. फिरवत फिरवत जवळजवळ सगळा नायट्रोजन आणि हायड्रोजन वापरला जातो.

कार्ल्सरूहे ते ओपाऊ

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शेतीला नायट्रोजन पुरवत होता चिलीच्या अटाकामा वाळवंटातला सोरा, म्हणजे सोडियम नायट्रेट. हा साठा संपला तर गहू कमी पडेल, अशी धोक्याची घंटा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९८ साली ब्रिस्टलमधल्या भाषणात वाजवली आणि हवेतला नायट्रोजन बांधण्याचं काम रसायनशास्त्रज्ञांनी हाती घ्यावं असं सांगितलं. ल शातलिए यांनी स्वतः १९०१ साली प्रयत्न केला होता. पण उपकरणात स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे फ्रिट्झ हेबर आणि त्यांचे इंग्रज सहकारी रॉबर्ट ल रॉसिन्योल यांनी उच्च दाबाचं छोटं उपकरण उभं केलं. जुलै १९०९ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या माणसांसमोर त्यातून द्रव अमोनियाचे थेंब पडताना दाखवले. उत्प्रेरक होता ऑस्मियम, जगात अगदी मोजकाच उपलब्ध असलेला धातू. त्यावर कारखाना चालणं शक्य नव्हतं. मग कंपनीच्या आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणं एकेक करून तपासली आणि स्वीडनच्या एका लोहखनिजातून केलेला उत्प्रेरक उत्तम चालतो असं आढळलं. शुद्ध लोहापेक्षा तो सरस होता, कारण त्यात इतर धातूंच्या ऑक्साइडांचा अंश होता. आजही लोहात अ‍ॅल्युमिनियम आणि पोटॅशियमचे ऑक्साइड थोडे मिसळतात.

कारखाना उभारणारे त्याच कंपनीचे कार्ल बॉश यांच्यापुढे वेगळंच संकट होतं. त्या तापमानाला आणि दाबाला हायड्रोजन पोलादात शिरतो, त्यातल्या कार्बनशी संयोग करून मिथेन बनवतो आणि पोलाद ठिसूळ होतं. नळ्या काही दिवसांतच फुटत. बॉश यांचा तोडगा मला या सगळ्या कथेतला सर्वात देखणा वाटतो. आतून मऊ लोखंडाचं अस्तर, ज्यात कार्बन जवळजवळ नाहीच. बाहेर दाब सहन करणारं पोलादाचं कवच. आणि त्या कवचाला बारीक बारीक भोकं, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादात न मुरता बाहेर निघून जाईल. सप्टेंबर १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथला कारखाना सुरू झाला.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा जर्मनीला मिळू दिला नाही. तेव्हा याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटकं बनू लागली. हेबर यांनी स्वतः विषारी वायूच्या वापराची सूत्रं हाती घेतली आणि २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ शत्रूच्या सैन्यावर क्लोरीन सोडला गेला. त्यांना १९१८चं नोबेल अमोनियासाठी मिळालं, बॉश यांना १९३१ साली उच्च दाबाच्या तंत्रासाठी. ज्या पद्धतीवर आज जगातल्या सुमारे निम्म्या माणसांचं अन्न अवलंबून आहे, तिचा इतिहास सांगताना ईप्रची गोष्ट गाळणं मला प्रामाणिक वाटत नाही.

थळच्या कारखान्यात हवा कुठून शिरते

अलिबागजवळ थळ इथे आणि मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात नायट्रोजनसाठी हवा आधी द्रव करून वेगळी करत असतील, असा बऱ्याच जणांचा समज असतो. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या नेहमीच्या कारखान्यात तशी गरज पडत नाही. नैसर्गिक वायूतल्या मिथेनवर निकेलच्या उत्प्रेरकासह वाफ सोडतात. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. हीसुद्धा दोन्ही दिशांनी चालणारी अभिक्रिया आहे, पण ती उष्णता शोषते, म्हणून तापमान जितकं जास्त तितकं बरं. पुढच्या टप्प्यात थेट हवा आत सोडतात. हवेतला ऑक्सिजन काही वायू जाळून टाकतो, त्या जळण्याची उष्णता उरलेल्या मिथेनचं रूपांतर करायला उपयोगी पडते आणि ऑक्सिजन संपला की मागे राहतो नायट्रोजन. हवा इतक्या मापाने सोडतात की शेवटी नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचं प्रमाण १ ला ३ भरावं. ऑक्सिजनला कामाला लावून नायट्रोजन मोकळा करण्याची ही युक्ती मला फार आवडते.

कार्बन मोनॉक्साइड लोहाच्या उत्प्रेरकाला विषासारखा मारतो, म्हणून तो आधी काढावा लागतो. वाफेबरोबर त्याची अभिक्रिया घडवून कार्बन डायऑक्साइड आणि आणखी हायड्रोजन मिळवतात. ही अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे इथेही तेच भांडण. तोडगा मात्र वेगळा: आधी जास्त तापमानाला झटपट बरंचसं काम उरकायचं आणि मग २०० अंशांच्या आसपास, तांब्याच्या उत्प्रेरकावर, उरलेलं सावकाश पुरं करायचं. यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढे अमोनियाशी जोडून युरिया बनवतात, तीही परत फिरू शकणारी अभिक्रिया.

हवेबरोबर आत आलेल्या त्या एक टक्का आरगॉनची गोष्टही सांगायला हवी. तो कशाशीच संयोग करत नाही. वायू पुन्हा पुन्हा फिरवले की अमोनिया निघून जातो, पण आरगॉन साठत जातो आणि कामाच्या वायूंची जागा अडवतो. म्हणून फिरत्या मिश्रणातला थोडा भाग सतत बाहेर सोडावा लागतो.

क्षारांच्या पोत्यात

अमोनिया वायू शेतात टाकणं अवघड. म्हणून त्याला आम्लाशी जोडून क्षार बनवतात. गंधकाम्लाशी जोडला की अमोनियम सल्फेट, नायट्रिक आम्लाशी जोडला की अमोनियम नायट्रेट. पहिल्यात नायट्रोजन २१ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के. युरिया क्षार नाही, पण त्यात ४६ टक्के नायट्रोजन असल्याने वाहतुकीला तो स्वस्त पडतो.

गंधकाम्लाशिवायही अमोनियम सल्फेट बनतं. झारखंडमधल्या सिंद्रीच्या कारखान्यात १९५१ पासून ते जिप्समपासून बनवत. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरवून अमोनियम कार्बोनेट करायचं, त्यात जिप्समची पूड घालायची. मग दोन क्षार आपापले जोडीदार बदलतात. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही म्हणून गाळ होऊन खाली बसतं आणि अमोनियम सल्फेट द्रावणात राहतं. एक पदार्थ गाळ होऊन बाजूला झाला की मागे फिरायला कुणी उरत नाही. समतोल पुढे ओढण्याचा हाही तोच उपाय, थंड करून अमोनिया काढून घेण्यासारखा.

अमोनियम नायट्रेटची वागणूक मात्र नवसागरापेक्षा वेगळी असते. मोठा धक्का किंवा बंद जागेत प्रचंड उष्णता मिळाली तर तो फुटतो आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा जोडी करून तिहेरी बंधात जातो. तो बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच तो जुळताना बाहेर पडते. ही वाट एकेरी आहे, वरती थंड हवेत परत क्षार जुळत नाही. २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊच्याच कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचं मिश्रण साठवलेल्या कोठारात स्फोट झाला आणि ५०० हून जास्त माणसं मेली. हे क्षार ओल धरतात आणि पोत्यात, ढिगात दगडासारखे घट्ट होतात. तो घट्ट ढीग सुटा करायला तिथे सुरुंग लावत असत. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात साठवलेलं सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट आगीमुळे फुटलं.

शेतात समतोल उलटा फिरतो तेव्हा

युरिया जमिनीत पडला की तिथल्या युरिएज या विकरामुळे त्याचं अमोनियम कार्बोनेट होतं. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतो, पाण्यात विरघळतो, मुळांना मिळतो. पण पाण्यात अमोनियम आणि अमोनिया यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते आणि ती कुठे स्थिरावेल हे मातीच्या सामूवर (pH, म्हणजे आम्ल-विम्लपणा दाखवणाऱ्या आकड्यावर) अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर अमोनियाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सामू ८ असेल तर ५ टक्के. सामू ९ असेल तर ३६ टक्के. अमोनिया वायू आहे, तो जमिनीत थांबत नाही.

महाराष्ट्रातली काळी जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि विम्ल, म्हणजे सामू ७.५ ते ८.५ च्या घरात. त्यात युरियाचा दाणा विरघळतो त्या जागी सामू काही काळ आणखी वर, ९ च्या जवळ जातो. आता वरून ऊन आणि वारा. वाऱ्याने अमोनिया उडून गेला की समतोल साधायला आणखी अमोनियमचा अमोनिया होतो, तोही उडतो, आणि हे चालू राहतं. कारखान्यात जी युक्ती फायद्याची होती, म्हणजे अमोनिया सतत काढून घ्यायचा, तीच युक्ती इथे वारा शेतकऱ्याच्या विरुद्ध वापरतो. ओलसर रानावर युरिया उघडा फेकून दोन दिवसांनी वास आला तर तो वास विकत घेतलेल्या नायट्रोजनचाच असतो.

उपायही याच रसायनशास्त्रातून निघतात. वापसा असताना युरिया सरीत देऊन मातीआड केला किंवा कोळपणीबरोबर मिसळला तर सुटलेला अमोनिया वर येण्याआधी मातीच्या कणांवर पुन्हा अमोनियम होऊन अडकतो. दिल्यानंतर लगेच हलकं पाणी दिलं तर युरिया विरघळून काही सेंटीमीटर खाली जातो. हप्ते पाडून दिला तर एका वेळी सामू फार चढत नाही. चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेटही वर पसरून ठेवू नये, कारण चुनखडी आणि हा क्षार मिळून अमोनिया सुटतो. आणि कोणतंही अमोनियमयुक्त खत चुन्यात किंवा राखेत कालवून ठेवू नये. चिमूटभर अमोनियम सल्फेट तळहातावर ओल्या चुन्याबरोबर चोळलं तर पाच-दहा सेकंदांत वास येतो. नंतर हात लगेच धुवायचे, हात नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा नाही.